वाचकांचे प्रश्न: टंचाईतली तांब्याची टोकनं

सुट्या नाण्यांची टंचाई पडली की दुकानदार स्वतःची तांब्याची टोकनं काढत. या विषयावर सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं नाण्यांचे अभ्यासक आणि जुन्या धातूच्या वस्तू जतन करणारे यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: सरकारी टांकसाळ असताना दुकानदार स्वतःचा पैसा कसा काढू शकत? आणि गिऱ्हाईक तो घेत तरी का? (किराणा व्यापारी, नवी पेठ)

तांब्याचा एक पैसा पाडायला जवळजवळ रुपयाइतकीच मेहनत लागते. चकती कापा, तापवून मऊ करा, ठसा मारा, मोजा, पोत्यात भरून गावोगाव पाठवा. हाती किंमत मात्र रुपयाचा चौसष्टावा भाग. म्हणून जुन्या टांकसाळींना सोन्याचांदीत रस असे आणि तांब्याकडे दुर्लक्ष होई. व्यापार वाढला की पहिला खोळंबा सुट्या पैशांचाच व्हायचा.

याचं सर्वांत चांगलं नोंदलेलं उदाहरण इंग्लंडचं आहे. तिथे तीनदा असं झालं. १६४८ ते १६७२ या काळात खानावळवाले, वाणी, मेणबत्तीवाले अशा हजारो लोकांनी लहान टोकनं काढली. एका बाजूला धंद्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला बहुधा तीन अक्षरं असत: वर आडनावाचं, खाली नवरा-बायकोच्या नावांची. दुकान दोघांचं, म्हणून जबाबदारीही दोघांची. १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने सरकारी तांब्याची नाणी काढली आणि खासगी टोकनांवर बंदी घातली.

शंभर वर्षांनी पुन्हा तेच झालं. १७७५ नंतर वीसेक वर्षं तिथल्या सरकारी टांकसाळीतून तांब्याचं नाणंच बाहेर पडलं नाही. कारखाने वाढत होते आणि मजुरांना दर आठवड्याला पगार द्यायचा होता. १७८७ मध्ये अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन कंपनीने स्वतःच्या खाणीतल्या तांब्याची पेनी पाडली. त्याच वर्षी लोखंड कारखानदार जॉन विल्किन्सननेही स्वतःचा चेहरा असलेली टोकनं काढली. पॅरिस माइनच्या पेनीच्या कडेवर, म्हणजे जाडीच्या बाजूला, मागाल तेव्हा लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे पैसे मिळतील असा मजकूर कोरलेला असे. टोकन खरं कोणाचं हे त्या कडेवर कळतं. बरेच लोक दोन्ही बाजू पाहतात आणि कड पाहतच नाहीत.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्या कडेवरच आहे. टोकन म्हणजे धातूवर लिहिलेली चिठ्ठी. ती काढणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे बसलेला आहे, आणि त्याच्याकडे पुरेशी टोकनं घेऊन गेलं की तो चांदीचं नाणं किंवा नोट देतो, एवढी खात्री असेल तोवर लोक घेत. १८११ नंतरच्या तिसऱ्या टंचाईतल्या कित्येक पेनी टोकनांवर ‘२४० टोकनांना एक पौंडाची नोट’ असं उघड छापलेलं आहे. पौंडाच्या पेनी २४०च होत, म्हणजे बट्टा न कापता परत घेण्याचं ते वचन होतं. गावाबाहेर मात्र ते वचन विरत जाई आणि पलीकडच्या गावचा दुकानदार बट्टा कापून घेई.

वजनाचा हिशेब इथे फार नाजूक असे. टोकन हलकं केलं तर काढणाऱ्याचा नफा वाढतो, पण बनावट टोकनं करणाऱ्यालाही तोच नफा मिळतो आणि काही महिन्यांत बाजारात नकलीच जास्त होतात. जड केलं तर नक्कल परवडत नाही, पण तांब्याचा भाव चढला की लोक टोकन वितळवून भांडी करतात. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने १७९७ मध्ये वाफेच्या यंत्रांवर सरकारसाठी पेनी पाडली, तेव्हा एक पौंड वजनाच्या तांब्यात १६ पेनी असं प्रमाण धरलं होतं. म्हणजे प्रत्येक पेनी २८.३५ ग्रॅमची, आणि २४० पेनी खिशात घ्यायच्या तर वजन ६.८ किलो! तांबं महागलं आणि ही जड नाणी वितळवली जाऊ लागली. १८०६ ला त्याच एक पौंडात २४ पेनी पाडाव्या लागल्या. सरकारची ही गत, तर दुकानदाराची काय असेल?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नाव छापलेला माणूसच पैसे द्यायला नकार देई. अमेरिकेत यादवी युद्धात १८६२ पासून सुटी नाणी गायब झाली. तेव्हा न्यूयॉर्कच्या लिंडनम्युलर नावाच्या गुत्तेवाल्याने लाखोंनी टोकनं काढली. तिथल्या घोड्यांच्या ट्राम कंपनीकडे प्रवाशांकडून ती साठली. कंपनी बदलून मागायला गेली तर त्याने चक्क नाही म्हटलं, आणि ते परत घ्यायला लावणारा कायदाच तेव्हा नव्हता. १८६४ मध्ये तिथे खासगी एक-दोन सेंटच्या टोकनांवर बंदी आली. इंग्लंडातली बंदी १८१८च्या १ जानेवारीपासून लागू झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सोलापूरचा किल्ला पेशव्यांकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, म्हणजे आपल्याकडे कंपनीचं राज्य आलं तेव्हा विलायतेत हा प्रकार कायद्याने बंद झालेला होता.

प्रश्न: मग पेशवाईतली शिवराई ही खासगी टोकनंच म्हणायची का? ती सराफ-सोनार पाडत असं वाचलं आहे. (इतिहासाची विद्यार्थिनी, पंढरपूर)

नाही. पाडणारे हात खासगी होते, पण अधिकार सरकारचा होता. टांकसाळ चालवायची सनद सराफ-सोनारांना मिळे, त्यासाठी सरकारला रक्कम भरावी लागे आणि नाण्याचं वजन ठरवून दिलेलं असे. नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ येतं, सोनाराचं नाव येत नाही. दुकानदाराचं टोकन त्याच्याच नावावर चालतं, हा फरक पक्का लक्षात ठेवा. अर्थात सनदेत ठरलेलं वजन प्रत्यक्षात पाळलं जाईच असं नाही. म्हणूनच एकाच काळच्या शिवरायांच्या वजनात दोन-तीन ग्रॅमचा फरक सहज सापडतो आणि सराफाच्या कट्ट्यावर बट्टा द्यावा लागे.

प्रश्न: घरातल्या जुन्या पेटीत पितळेची किंवा तांब्याची गोल चकती सापडली. वरच्या बाजूला भोक आहे, इंग्रजी दोन अक्षरं आणि ४१७ हा आकडा आहे. हे दुकानाचं टोकन आहे का? (पूर्व भाग, सोलापूर)

वर्णनावरून हा हजेरीचा किंवा पगाराचा बिल्ला वाटतो. १८७७ला जुनी मिल सुरू झाली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. गिरणीत कामगाराची ओळख नंबरवर चाले. बिल्ला ओळखायच्या खुणा अशा: प्रत्येक तुकड्यावर आकडा वेगळा असतो, तो बाकीच्या अक्षरांपेक्षा खोल आणि थोडा वाकडा बसलेला असतो (अक्षरं ठशाने एकदम उठवलेली, आकडा नंतर हातोडीने ठोकलेला), आणि खिळ्याला किंवा दोऱ्याला अडकवण्यासाठी काठाजवळ भोक असतं. पैशासारखं चालणाऱ्या टोकनावर एकेका तुकड्याला वेगळा नंबर नसतो. तिथे किंमत, नाव आणि ठिकाण असतं.

भोकाची कड बोटाने चाचपून पाहा. खूप वापरलेल्या बिल्ल्याचं भोक वरच्या बाजूला झिजून लांबट झालेलं असतं. भोक गोल आणि कडा धारदार असतील तर ते नंतर कोणी तरी पाडलेलं असण्याचा संभव जास्त.

एक तिसरी शक्यताही सांगायला हवी. आसाम आणि सिल्हेटच्या चहामळ्यांनी मजुरी देण्यासाठी तांब्या-पितळेची टोकनं वापरली होती. काही बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्यात तर काही कलकत्त्याच्या टांकसाळीत तयार झाली. त्यांवर मळ्याचं नाव असतं. भंगाराच्या व्यापारात ती देशभर फिरली आहेत, त्यामुळे सोलापुरात सापडलं म्हणजे सोलापूरचंच असा निष्कर्ष घाईने काढू नका. अक्षरांचा अर्थ लावायचा तर घरातले कोण कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात होते हे आधी वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. चकती पन्नास वर्षांनीही असेल, ही माहिती देणारी माणसं नसतील.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात दुकानात सुट्याऐवजी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या मिळत असं आजोबा सांगायचे. तेव्हा तांब्याची टोकनं का नाही काढली? (मंगळवेढा)

त्या वेळी टंचाई मुळात तांब्याचीच होती. तोफगोळे, काडतुसं, तारा सगळ्याला तांबं लागत होतं. लोकांनी चांदीचा रुपया दडवायला सुरुवात केली, म्हणून १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट काढली आणि गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवलं. १९४३ मध्ये भोकाचा पैसा आला. आधीचा काशाचा पैसा ७५ ग्रेनचा, म्हणजे ४.८६ ग्रॅमचा होता. भोकाचा फक्त ३० ग्रेनचा, म्हणजे १.९४ ग्रॅमचा. एका जुन्या पैशाच्या धातूत अडीच नवे पैसे निघत.

दुसरं कारण कायदा. १८८९च्या धातूच्या टोकनांच्या कायद्याने खासगी माणसाला पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचा तुकडा बनवायला मनाई होती, मग त्यावर ठसा असो वा नसो. पुठ्ठा धातूत येत नाही. बिकानेर, बुंदी, मोरवी, नवानगर अशा संस्थानांनीही या काळात पुठ्ठ्याची कुपनंच काढली.

सोलापूरकरांचा घोळ याहून मोठा होता, कारण तुळजापूर-नळदुर्गपासून निजामाची हद्द सुरू होई. तिकडे निजामाचा हाली सिक्का आणि इकडे ब्रिटिश सरकारचा कलदार रुपया, आणि साधारण ७ हाली रुपयांना ६ कलदार असा हिशेब. रुपयाचा हिशेब करता येतो, पण सुट्या पैशांत हा सातास सहाचा भाग बसत नाही, आणि फरक कोणाच्या तरी पदरात पडतोच. तुमच्या आजोबांसारख्यांच्या घरी पुठ्ठ्याची चिठ्ठी शिल्लक असेल तर तिची किंमत पुष्कळ तांब्याच्या टोकनांपेक्षा अभ्यासाला जास्त आहे. ती पाण्याने पुसू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा.

प्रश्न: तांब्याच्या टोकनावर हिरवट पूड येते. मीठ-लिंबाने घासलं की लखलखीत होतं, पण पावसाळ्यात पुन्हा येते. काय करावं? (जुळे सोलापूर, अशाच आशयाची आणखी पत्रं बार्शी आणि अक्कलकोटहून)

सगळ्यात आधी मीठ-लिंबू थांबवा. देवघरातल्या तांब्याच्या पळीला ते चालतं, टोकनाला चालत नाही. लिंबातलं किंवा चिंचेतलं आम्ल वरचा तपकिरी थर विरघळवतं. हा थर तांब्याचं रक्षण करतो आणि बारीक अक्षरं वाचता येतात तीही त्याच्याचमुळे. शिवाय मिठातला क्लोराइड बारीक खड्ड्यांत अडकून बसतो. तिथे त्याचं तांब्याबरोबर क्युप्रस क्लोराइड बनतं. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून हिरवी पूड आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, पुन्हा क्लोराइड बनतं, आणि चक्र चालूच राहतं. म्हणजे दर पावसाळ्यात येणारी पूड घासण्यानेच वाढते आहे.

हिरवं दिसलं म्हणजे रोगच असंही नाही. गडद, कडक, नखाने न निघणारा गुळगुळीत हिरवा थर स्थिर असतो, त्याला हात लावू नका. फिकट, पिठासारखी, ठिपक्या-ठिपक्यांनी येणारी पूड धोक्याची. खात्री करायची तर टोकन काचेच्या बरणीत ठेवा, शेजारी वाटीत ओला कापूस ठेवा (टोकनाला लागू देऊ नका) आणि झाकण लावा. २४ तासांत नवे फिकट ठिपके उठले तर रोग चालू आहे.

उपचार असा. बांबूच्या टोकदार काडीने किंवा बाभळीच्या काट्याने पूड भिंगाखाली हलकेच काढा. टाचणी वापरू नका, पोलाद तांब्यावर ओरखडा पाडतं. मग काचेच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि रोज पाणी बदला. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतंच. दोन आठवड्यांनी पुन्हा बरणीची चाचणी घ्या. तरीही ठिपके आले तर एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २३ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट विरघळवून त्यात टोकन बुडवून ठेवा, आणि दर आठवड्याला द्रावण बदला. घाई चालणार नाही. कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. या द्रावणात फार काळ राहिलेल्या तांब्यावर निळसर थर बसू शकतो, म्हणून दर वेळी काढून बघा. शेवटी आठवडाभर स्वच्छ डिस्टिल्ड वॉटर, मग शुद्ध ॲसिटोनमध्ये एक बुडी आणि साध्या बल्बच्या उबेत वाळवणं. ॲसिटोन भराभर पेट घेतं. गॅस, उदबत्ती, निरांजन जवळ नको, खिडकी उघडी हवी. नेलपॉलिश काढायचं द्रव त्याऐवजी चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

बारीक मऊ मळ असेल तर एवढं काही लागत नाही. ॲसिटोनने तेलकटपणा काढून डिस्टिल्ड वॉटरने धुणं पुरे.

आता साठवण. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. स्वस्त, मऊ, विशिष्ट वासाचे पारदर्शक कप्पे पीव्हीसीचे असतात. उष्णतेत त्यातून प्लॅस्टिक मऊ करणारं तेल आणि आम्ल सुटतं आणि टोकनावर चिकट हिरवा लेप बसतो. पत्र्याच्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या अल्बममध्ये हे एका उन्हाळ्यातही होऊ शकतं. कडक पीईटी प्लॅस्टिकचे कप्पे किंवा मध्ये पारदर्शक खिडकी असलेले नाण्यांचे पुठ्ठे वापरा. लाकडी पेटीही टाळा, सागवानासह बहुतेक लाकडं आम्लाची वाफ सोडतात. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि मृग लागला की ती भाजून कोरडी करून घ्या.

प्रश्न: टोकन तांब्याचं की पितळेचं हे घासून न बघता कसं ओळखायचं? (सराफ कट्टा परिसर, सोलापूर)

घनता मोजा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा लागेल. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा. टोकन बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा.

समजा कोरडं वजन ९.४२ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा १.०६. भागाकार ८.८९ येतो. शुद्ध तांबं ८.९६, कासं ८.८च्या आसपास, पितळ साधारण ८.४ ते ८.७. पितळेचं असतं तर काट्याने १.११ दाखवलं असतं. फरक फक्त ०.०५ ग्रॅमचा आहे, म्हणून ०.१ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी. अक्षरांच्या खाचेत हवेचे बुडबुडे अडकले तर घनता खोटी कमी येते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, तीन वेळा मोजा आणि सरासरी घ्या. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या तुकड्यांवर या रीतीचा भरवसा धरू नका. तांबं-निकेलची घनताही ८.९च असते, तिथे रंगच बघावा लागतो.

सरकारी पैशाशी तुलना करायची तर हे आकडे लिहून ठेवा: १८३५ पासूनचा तांब्याचा पैसा १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, आणि १९०६ नंतर काशाचा ४.८६ ग्रॅम. झिजेने वजन घटतं, वाढत कधीच नाही. ६.४८ ग्रॅमच्या पैशाचं वजन ७ भरलं तर तो पैसा संशयास्पद आहे. ओतीव नकलीवर बारीक भोकं, गोलसर झालेली अक्षरं आणि कडेवर साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण दिसते.

प्रश्न: हनुमानाचं चित्र आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असलेलं तांब्याचं नाणं लाखोंना जातं म्हणतात. गड्ड्याच्या यात्रेत घेतलेलं एक माझ्याकडे आहे. (सांगोला)

कंपनीने असं नाणं कधीही काढलं नाही. राम, हनुमान, कमळ असलेले हे १६१६ किंवा १८१८ सालचे तुकडे अलीकडच्या काळातले, विक्रीसाठी बनवलेले आहेत. रामटंका हा पूजेचा तुकडा आहे, तोही कधी चलन नव्हता. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवा. पण ‘विकून देतो, आधी नोंदणीची फी भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ती फसवणूकच असते.

प्रश्न: जुना वाडा पाडताना भिंतीच्या कोनाड्यात फडक्यात बांधलेली तांब्याची नाणी आणि काही अनोळखी चकत्या मिळाल्या. वाटून घेतल्या तर चालतं का? (ठेकेदार, सोलापूर)

चालत नाही. १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेलं, १० रुपयांहून जास्त मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कधी. लपवलं तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवलं तर हक्क शाबूत राहतो. १०० वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं, त्यामुळे ते परदेशी पाठवायलाही मनाई आहे.

तोवर एक काम नीट करा. ढीग जसा आहे तसा मोबाईलवर टिपा, शेजारी फुटपट्टी ठेवून. मग फडक्यासकट उचला. फडकंही पुरावा आहे. धुऊ नका, वेगवेगळं करू नका. गठ्ठ्यातल्या सर्वांत नव्या नाण्याचं साल म्हणजे तो दडवला गेला त्याची लवकरात लवकरची मर्यादा: त्याआधी तो तिथे ठेवलेला असू शकत नाही. अनोळखी चकत्यांचा काळ ठरवायला दुसरं साधन बहुधा मिळतच नाही. चार मजुरांत वाटलेल्या गठ्ठ्याची ही माहिती कायमची जाते.

प्रश्न: महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी तांब्याची २०० टोकनं करून खाऊच्या स्टॉलवर चालवायची आहेत. तांबं किती लागेल? (प्राध्यापक, सोलापूर)

स्टॉलवर चालवायची असतील तर तांब्याची करू नका. १८८९चा कायदा २०११च्या नाणे कायद्यात सामावला गेला आहे आणि पैसा म्हणून वापरायचा धातूचा तुकडा बनवणं आजही गुन्हा आहे. स्टॉलसाठी पुठ्ठ्याची कुपनं ठेवा. तांब्याची टोकनं फक्त पाहण्यासाठी करा, रक्कम न छापता, मागे ‘प्रतिकृती’ असं ठोकून.

हिशेब असा: १६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिलिमीटर जाड. २८ मिलिमीटर व्यासाची चकती ८.८ ग्रॅमची होते. २०० चकत्यांना १.७७ किलो, पण चकत्यांमध्ये २ मिलिमीटर अंतर सोडलं तर पत्र्याचा पाचवा हिस्सा जाळी होऊन उरतो. कडा आणि वाया गेलेल्या चकत्या धरून अडीच किलो पत्रा घ्या. जाळी तांबटाला परत देता येते.

कापलेली चकती कडक असते. मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. पोलाद असं पाण्यात टाकलं की कडक होतं, तांबं मऊच राहतं आणि वरची काळी खपलीही सुटते. न तापवता ठसा मारला तर अक्षरं अर्धवट उठतात आणि ठसा तडकू शकतो. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. देवनागरीत हमखास चुका होतात त्या वेलांटी आणि रफाराच्या, म्हणून आधी कार्बन कागदावर उलटा मजकूर काढून आरशात वाचून बघा. चकतीभोवती पोलादी कडी नसेल तर ती मार बसल्यावर फाकते आणि गोलाई बिघडते. हाताच्या फ्लाय प्रेसवर (स्क्रू फिरवून दाब देणाऱ्या यंत्रावर) खोल चित्र उठत नाही. उठाव ०.२ ते ०.३ मिलिमीटरच ठेवा आणि मोकळी जागा भरपूर सोडा.

प्रश्न: सुटे नाहीत म्हणून चॉकलेट देतो तर गिऱ्हाईक भांडतं. माझ्या दुकानाची एक-दोन रुपयांची कुपनं काढू का? (बेकरी, अशोक चौक)

भांडणारं गिऱ्हाईक बरोबर आहे, त्याचे पैसे त्याला हवे तसे परत मिळायला हवेत. धातूचं काहीही काढू नका. कागदाचं कुपन काढलं तरी ‘धारकास इतके रुपये देऊ’ अशी भाषा घालू नका. मागणीबरोबर धारकाला पैसे देण्याचं वचनपत्र काढायचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा आहे. त्यापेक्षा नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावे वहीत बाकी लिहा आणि बाकीची नोंद त्यालाही द्या.

खरा उपाय बँकेत आहे. नाणी देणं-घेणं कोणत्याही शाखेला नाकारता येत नाही. एक-दोन रुपयांची नाणी भरताना शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या करून न्या, काउंटरवर ती वजनावर घेणं सोपं जातं. आणि १० रुपयांचं नाणं बंद झालंय या अफवेपायी ते नाकारू नका. वेगवेगळ्या चित्रांची, रुपयाचं चिन्ह असलेली-नसलेली, सगळी चालू आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच तोवरच्या १४ नमुन्यांबद्दल हे जाहीर केलं होतं. ही नाणी गल्ल्यात ठेवायला लागलात तर पन्नासच्या नोटेचे सुटे करताना तुमचीच अडचण कमी होईल.